कांदा किती मिनिटांत परततो, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात पाककृतींची अकरा पुस्तकं आहेत, वर्षभरात त्यांतून जेमतेम दोन पदार्थ झाले, रोज तेच सहा-सात पदार्थ आलटून पालटून होतात, तेव्हा रोजच्या जेवणाला खरोखर उपयोगी पडतील अशी तीन-चार पुस्तकं सुचवा. सुचवतो. पण आधी त्या अकरांचं काय चुकलं ते बघू, नाहीतर बारावं पुस्तकही त्यांच्याच शेजारी जाऊन बसेल.

माझं काम दोन प्रकारचं आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पाककृती छापायला जाण्याआधी साध्या घरगुती गॅसवर, साध्या भांड्यांत करून बघायच्या. आणि ज्यांनी कधी चहासुद्धा केलेला नाही अशा मोठ्या माणसांना स्वयंपाक शिकवायचा. बावीस वर्षं हे केल्यावर नवं पुस्तक हातात आलं की मी फोटो बघत नाही, प्रस्तावना तर नाहीच. कांदा परतायचा असलेला एखादा पदार्थ शोधतो आणि तिथे किती मिनिटं लिहिली आहेत ते बघतो.

दोन मध्यम कांदे बारीक चिरून मध्यम आचेवर टाकले तर ते पारदर्शक व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. कडा सोनेरी व्हायला बारा-पंधरा. सगळा कांदा सारखा तांबूस हवा असेल तर वीस-पंचवीस. आणि मंद आचेवर मुरंब्यासारखा गडद, गोडसर हवा असेल तर चाळीस मिनिटं तरी धराच. कारण साधं आहे. कांद्यात जवळजवळ 89 टक्के पाणी असतं. ते उडून जाईपर्यंत कांद्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जाऊ शकत नाही, आणि खरपूस रंग-वास खऱ्या अर्थाने यायला लागतो तो 140 अंशांच्या आसपास. म्हणजे आधी पाणी जाणार, मग रंग येणार. आच वाढवली तर कडा करपतात आणि आत कच्चा राहतो. चिमूटभर सोडा टाकला तर रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो. तिसरा रस्ता नाही.

आता तुमच्या अकरांपैकी कुठलंही उघडा. ‘कांदा तांबूस होईपर्यंत परता (5 मिनिटे)’ असं सापडलं, तर ते पुस्तक लिहिणाऱ्याने एक तर घड्याळ लावून तो पदार्थ केलेला नाही, किंवा केला आहे आणि तो तुमच्याशी खोटं बोलतो आहे.

हे खोटं मीही बोललो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संग्रहासाठी काही पाककृती लिहून दिल्या होत्या. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘30 मिनिटांत’ असं छापायचं आधीच ठरलेलं होतं. माझा एक पदार्थ पन्नास मिनिटं घेत होता. मी कांद्याची वीस मिनिटं दहा केली, डाळ ‘आधी शिजवलेली’ अशी सामग्रीत ढकलली आणि बेरीज जुळवली. कुणी हरकत घेतली नाही. पुढे माझ्याच वर्गातल्या एका बाईंनी सांगितलं, की त्या पुस्तकातला एक पदार्थ त्यांना कधीच जमत नाही, कांदा कच्चट लागतो, बहुतेक त्यांचाच हात चांगला नाही. तो पदार्थ माझा होता. स्वतःच्या हाताला दोष देणारी अशी माणसं मला नंतर शेकड्यांनी भेटली, आणि बहुतेक वेळा दोष पुस्तकातल्या मिनिटांचा असतो.

वेळ लपवायची आणखी एक जागा म्हणजे सामग्रीची यादी. ‘दोन कांदे, बारीक चिरलेले, आलं, किसलेलं, टोमॅटो, साल व बिया काढलेले, डाळ, भिजवून निथळलेली.’ त्या स्वल्पविरामांमागे अर्धा तास आणि एक रात्र दडलेली आहे, पण वरची ‘20 मिनिटे’ मोजायला सुरुवात होते ती हे सगळं वाट्यांत तयार झाल्यावर. कामावरून साडेसातला घरी आलेल्या माणसाने ते वाट्यांतलं आणायचं कुठून?

यादी ही गोष्टच तशी फार जुनी नाही. एलायझा ॲक्टन यांनी 1845 मध्ये घरगुती कुटुंबांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात प्रत्येक पाककृतीच्या शेवटी जिन्नसांची मापं आणि वेळ वेगळी काढून दिली होती. त्या काळी ही मोठीच सोय होती. इझाबेला बीटन यांच्या 1861 च्या जाडजूड पुस्तकात जिन्नस सुरुवातीला आले आणि त्या पुस्तकाचं नाव घरोघरी झालं. (त्यातला बराच मजकूर ॲक्टनबाईंसह इतरांकडून उचललेला होता, आणि ते छापून आलं तेव्हा बीटनबाई पंचविशीतल्या होत्या.) याच पुस्तकात मोठी गाजरं उकडायला पावणेदोन ते सव्वादोन तास सांगितले आहेत. वाचून हसू येतं खरं, पण त्या चुकीचं फार काही बिघडत नाही. कुणीही काटा टोचून बघेल आणि गाजर आधीच उतरवेल. आजची पुस्तकं उलट बाजूने चुकतात. कमी वेळ सांगणारं पुस्तक तुम्हाला कच्चं खायला लावतं आणि जेवणही उशिरा वाढायला लावतं.

म्हणून माझी दुसरी कसोटी: पुस्तक मिनिटांबरोबर खूण सांगतं का? ‘आठ मिनिटं’ हे लिहिणाऱ्याच्या गॅसचं माप झालं. ‘कडेने तेल सुटेपर्यंत’, ‘चमचा फिरवल्यावर तळ दिसेपर्यंत’, ‘कच्चा वास जाईपर्यंत’ हे पदार्थाचं माप. तुमचं भांडं जाड असेल, कांदा ओला असेल, आच कमी असेल, तरी खूण बदलत नाही. दोन्ही दिलेलं असेल तर उत्तम, एकच असेल तर खूण हवी.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण मला मार्सेला हझान यांच्या ‘एसेन्शियल्स ऑफ क्लासिक इटालियन कुकिंग’मध्ये सापडतं. त्यांची 1973 आणि 1978 ची दोन पुस्तकं एकत्र करून, सुधारून 1992 मध्ये हे आलं. त्यातला टोमॅटोचा सॉस प्रसिद्ध आहे: दोन कप टोमॅटो, पाच मोठे चमचे लोणी, एक कांदा सोलून मधोमध कापलेला, मीठ. बस. पंचेचाळीस मिनिटं अगदी मंद आचेवर, झाकण न ठेवता. आणि थांबायचं कधी, तर टोमॅटोपासून स्निग्धांश वेगळा होऊन वर तरंगायला लागला की. आपण ‘तेल सुटेपर्यंत’ म्हणतो तीच ही खूण. हजारो मैलांवरच्या दोन स्वयंपाकघरांना एकच खूण सापडली, कारण दोन्हीकडे एकच घडतं: पाणी आटतं आणि चरबी मोकळी होते. शिवाय पंचेचाळीस मिनिटं हा आकडा त्यांनी लपवलेला नाही, आणि त्यांतली चाळीस तुम्ही दुसरं काही करू शकता हेही करून बघितल्यावर लगेच कळतं. रोजच्या स्वयंपाकात हा फरक फार मोठा आहे. हातांचा वेळ वेगळा, आचेचा वेळ वेगळा. पहिला संध्याकाळी मिळत नाही, दुसरा मिळतो. हे वेगळं करून सांगणारं पुस्तक दिसलं तर सोडू नका. तुमच्या यादीत हझान पहिल्या. सगळं पुस्तक रोजचं नाही, त्यातली घरी केलेली शेवयांसारखी प्रकरणं सुट्टीसाठी ठेवा. भाज्यांचा भाग मात्र वाचून काढा.

दुसरं नाव कदाचित तुम्हाला पाककृतींचं पुस्तक वाटणारच नाही. टॅमार ॲडलर यांचं ‘ॲन एव्हरलास्टिंग मील’, 2011 चं. पहिलं प्रकरण पाणी कसं उकळावं यावर आहे. हे मी का सुचवतो, तर बाकी जवळपास सगळ्या पुस्तकांत प्रत्येक पान रिकाम्या स्वयंपाकघरात सुरू होतं. काल काही शिजलंच नव्हतं, उद्या काही शिजणारच नाही, फ्रिजमध्ये अर्धी कोबी नाही, वाटीभर भात उरलेला नाही. रोजचा स्वयंपाक तसा नसतो. तो एकमेकांत अडकलेला असतो: कालच्या डाळीचं पाणी आजच्या सूपमध्ये, आज जास्त उकडलेले बटाटे उद्याच्या परतलेल्या भाजीत. ॲडलर यांचं म्हणणं असं की भाज्या आणल्या त्याच दिवशी एकदम भाजून-शिजवून ठेवा, म्हणजे आठवडाभर रोज शून्यापासून सुरुवात नको. त्यांनी 1942 च्या, युद्धकाळातल्या टंचाईत लिहिलेल्या एम. एफ. के. फिशर यांच्या पुस्तकापासून प्रेरणा घेतली आहे, आणि ते जाणवतं. भाषा कधी कधी जरा जास्तच काव्यात्म होते, एखाद्या उकडलेल्या अंड्यावर दोन पानं. तेवढं सोसा.

उरलेल्या अन्नावर लिहिणारी पुस्तकं एक गोष्ट कधी कधी पुरेशी ठासून सांगत नाहीत, म्हणून इथे सांगतो. शिजवलेला भात तासा-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू जे विष तयार करतो, ते पुन्हा गरम करून जात नाही. आणि राजमा भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) टाकू नका. ते भांडं पुरेसं तापत नाही आणि कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन तसंच राहतं. ‘सकाळी सगळं टाका आणि संध्याकाळी जेवा’ छापाच्या पुस्तकात ही सूचना नसेल तर ते पुस्तक परत ठेवा.

तिसरं, समीन नोसरत यांचं ‘सॉल्ट, फॅट, ॲसिड, हीट’, 2017 चं. जवळजवळ अर्ध्या पुस्तकापर्यंत नेहमीच्या अर्थाने पाककृती नाहीतच, मीठ, स्निग्धता, आंबटपणा आणि उष्णता काय करतात एवढंच आहे, आणि फोटोंऐवजी वेंडी मॅकनॉटन यांची चित्रं आहेत. ते सहा-सात पदार्थ तुम्ही आलटून पालटून करता ना, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. शिकवताना मी रोज बघतो: पदार्थ बेचव लागला की माणूस आणखी मीठ टाकतो, मग आणखी मसाला. दहांतल्या सहा-सात वेळा त्याला हवं असतं लिंबू. नवा पदार्थ शिकण्यापेक्षा जुना पदार्थ शेवटच्या मिनिटाला कसा सावरायचा हे कळलं तर आठवड्याचे सातही दिवस फायदा होतो. एक सावधगिरी: त्यातली मिठाची मापं आंधळेपणाने घेऊ नका. बारीक साधं मीठ मोठा चमचाभर घेतलं तर अठरा ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि काही पोकळ, भरड जातींचं तेवढ्याच चमच्यात निम्मंच भरतं. कुठलं मीठ, हे न सांगता चमचे सांगणारी पुस्तकं मला कधीच कळलेली नाहीत.

मापांचा विषय निघालाच आहे तर. फॅनी फार्मर यांनी 1896 च्या पुस्तकात कप आणि चमचे सपाट करून मोजायचा आग्रह धरला, आणि ‘मूठभर’, ‘अंड्याएवढं लोणी’ यांचा काळ संपत गेला. प्रकाशकाला त्या पुस्तकावर इतका कमी भरवसा होता की पहिल्या 3,000 प्रती लेखिकेच्या खर्चाने छापल्या. मराठीत कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप रूढ करून नवशिक्यांची अशीच सोय केली. पण कप म्हणजे काय, याचं उत्तर जगात एक नाही. अमेरिकी कप साधारण 240 मिलिलिटर, मेट्रिक कप 250, जपानी 200, आणि भाताच्या विजेच्या कुकरबरोबर मिळणारा छोटा कप 180. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा 20 मिलिलिटरचा, बाकी बहुतेकांचा 15 चा. भाजी-आमटीत हा फरक पचून जातो. केक, पाव यांत पचत नाही. कपभर मैदा कसा भरला यावर तो 120 ग्रॅम होतो किंवा 150. भाजायच्या पदार्थांसाठी ग्रॅम देणारंच पुस्तक घ्या आणि एक छोटा वजनकाटा घ्या. रोजच्या जेवणासाठी त्याची काही गरज नाही, तिथे एकच वाटी कायम वापरली की झालं.

चौथं पुस्तक तुमच्या हातांच्या वेळेसाठी: फूशिया डनलप यांचं ‘एव्हरी ग्रेन ऑफ राइस’, 2012. चिनी घरगुती जेवण, त्यात भाज्यांचा वाटा मोठा. यातले बरेच पदार्थ आचेवर चार-पाच मिनिटांत होतात, पण चिरायला वीस मिनिटं जातात. म्हणजे हझान यांच्या बरोबर उलट. दोन्ही प्रकार हाताशी असले की दिवस बघून निवडता येतं. बाहेर जाऊन आलो, अंगात त्राण नाही, पण तासभर घरीच आहे: मंद आचेवरचं. सकाळी चिरून ठेवलंय, रात्री दहा मिनिटंच आहेत: परतून. या पुस्तकासाठी चार-पाच जिन्नस नव्याने आणावे लागतील. तेवढेच आणा, प्रकरणागणिक नवी बाटली घ्यायला लागलात तर कपाट भरेल आणि पुस्तक बंद होईल.

संदर्भासाठी एक जाड पुस्तक हवंच असेल तर मार्क बिटमन यांचं ‘हाउ टु कुक एव्हरीथिंग’, 1998 चं, नंतरची सुधारित आवृत्ती बघा. त्याची खुबी अशी की एक मूळ पदार्थ आणि त्याखाली तो फिरवायचे अनेक मार्ग असतात. घरात पालक नसेल तर काय, हे पुस्तकच सांगतं. आयर्मा रॉमबाउअर यांचं ‘जॉय ऑफ कुकिंग’ही याच जातीचं. 1931 मध्ये त्यांनी पदरमोड करून ते छापलं, आणि योगायोग बघा, त्याही 3,000 च प्रती. नंतरच्या आवृत्त्यांत जिन्नस वेगळ्या यादीत न देता जिथे लागतात तिथेच ओळींमध्ये येतात. सुरुवातीला गोंधळायला होतं, पण स्वल्पविरामामागे काम लपवायला जागाच उरत नाही. दोन्ही घेऊ नका, एक पुरे.

हॅरल्ड मॅगी यांचं ‘ऑन फूड अँड कुकिंग’ (1984, सुधारित 2004) मी नेहमी वापरतो, पण ते स्वयंपाक करायला नाही, भांडणं मिटवायला. मांसाचा तुकडा तापल्या तव्यावर शेकला की रस आत कोंडला जातो, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या रसायनशास्त्रज्ञापासून पुस्तकापुस्तकांतून चालत आली. मॅगी यांनी ती खोडून काढली. शेकल्याने चव येते, रस थांबत नाही. कडधान्यात मीठ आधी टाकलं तर ती शिजत नाहीत हेही तसंच. भिजवताना मीठ टाकलं तर सालं उलट मऊ होतात. शिजायला अडथळा करतो तो आंबटपणा, म्हणून टोमॅटो-चिंच नंतर. तुमच्या जुन्या पुस्तकांत हे उलटं लिहिलेलं आढळेल. तेवढ्यासाठी ती रद्दीत घालू नका, पेन्सिलीने खोडा.

पेन्सिलीवरून आठवलं. नवी पुस्तकं आणण्याआधी त्या अकरांना कांद्याची परीक्षा लावा. माझा अनुभव असा की दोन-तीन तरी उत्तीर्ण होतात. त्यांतला एकेक पदार्थ घ्या आणि तो पंधरा दिवसांत तीनदा करा. पहिल्यांदा लिहिलंय तसाच, शहाणपण न करता, पण घड्याळ लावून. खरी मिनिटं समासात लिहा. दुसऱ्यांदा स्वतःच्या मिनिटांनी. तिसऱ्यांदा पुस्तक बंद ठेवून. तिसऱ्या वेळेला जिथे अडलात तेवढीच ओळ पुन्हा वाचायची. लोक बारा पदार्थ एकेकदा करतात आणि एकही हाताला बसत नाही. एक गोष्ट मात्र दुकानात उभ्या उभ्याच तपासा: शेवटची सूची जिन्नसांप्रमाणे लावलेली आहे का. संध्याकाळी तुमच्या हातात कोबी असते, पदार्थाचं नाव नसतं. ‘कोबी’खाली काहीच सापडत नसेल तर ते पुस्तक कितीही सुंदर असो, कपाटातच राहणार.

व्हिडिओंबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. कणीक कितपत सैल हवी, साखरेचा पाक कसा पडतो, हे बघून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही, तेव्हा हात बघायला ते चांगले. वेळेच्या बाबतीत मात्र ते पुस्तकांपेक्षा वाईट. कांदा पांढरा असतो, दृश्य बदलतं, कांदा तांबूस झालेला असतो.

सुरुवात हझान यांच्या सॉसपासून करा, आणि रविवारी नको, कामाच्या एखाद्या संध्याकाळी. घरात शिरल्या शिरल्या पातेलं चढवा, घड्याळ लावा आणि मग कपडे बदलायला जा. पुस्तक म्हणतं की शेवटी कांदा काढून टाका. मी आजवर कधी टाकलेला नाही. पंचेचाळीस मिनिटं लोण्यात आणि टोमॅटोत मुरलेला तो अर्धा-अर्धा कांदा मी वाटीत काढून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चमच्याने चेचून, वर थोडं मीठ-मिरी घालून भाजलेल्या पावाला लावतो.